शेअर बाजारातला तोटा आपल्या बाजारात कधी उतरतो?

शेअर बाजार कोसळला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक ठरावीक मथळा येतो: गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी रुपये बुडाले. हा मथळा वाचून आपल्या व्यापारी बांधवांमध्ये दोन प्रकार दिसतात. काही जण घाबरतात, माल भरणे थांबवतात आणि कारागिरांचे काम कमी करतात. काही जण म्हणतात, आपल्याकडे एकही शेअर नाही, मग आपल्याला त्याचे काय? दोघांचाही अंदाज चुकण्याचा संभव असतो. काही वेळा बाजारातला मोठा तोटा आला तसा निघून जातो, दुकानाच्या गल्ल्यावर त्याचा परिणाम होत नाही. काही वेळा मात्र दूरदेशीच्या तोट्याने आपल्या गल्लीतले कारखाने बंद पडतात. हा फरक कशाने पडतो, हे समजून घेणे प्रत्येक धंदेवाल्याच्या फायद्याचे आहे.

बुडालेले पैसे म्हणजे काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. शेअरची किंमत शंभरावरून साठ झाली तर चाळीस रुपये कोणी चोरून नेलेले नसतात, आणि ते जळूनही गेलेले नसतात. कारखाना, यंत्रे, कामगार सर्व काल होते तसेच आज असतात. बदललेला असतो तो फक्त लोकांनी लावलेला भाव. ज्याने स्वतःच्या शिलकीतून शेअर घेतला, त्याची कागदावरची श्रीमंती कमी झाली. त्याचा हात काही काळ आखडेल, एवढेच.

याचे प्रसिद्ध उदाहरण १९८७ सालचे आहे. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कच्या बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एकाच दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. १९२९ सारखी महामंदी येणार, असे अनेकांना वाटले. पण अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दुसऱ्याच दिवशी बँकांना लागेल तेवढी रोकड देण्याची तयारी जाहीर केली, बँका उभ्या राहिल्या आणि मंदी आली नाही. पुढची मंदी आली ती १९९० च्या मध्यावर, म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षांनी. तात्पर्य, घसरण किती मोठी यावरून पुढचे भाकीत करता येत नाही.

तोटा सारखाच, परिणाम वेगळा

आता अमेरिकेतीलच दोन घसरणी शेजारी ठेवून पाहू. पहिली २००० ते २००२ ची. इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचे भाव आकाशाला भिडले होते. मार्च २००० मध्ये नॅसडॅक निर्देशांक पाच हजारांवर होता, तो ऑक्टोबर २००२ मध्ये साधारण अकराशेवर आला. या काळात अमेरिकी शेअरधारकांचे पाच लाख कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक मूल्य नाहीसे झाले. तरीही २००१ ची मंदी केवळ आठ महिने टिकली आणि बेकारीचा दर पुढे वाढूनही सहा टक्क्यांच्या थोडाच वर गेला.

दुसरी घसरण घरांच्या किमतींची. २००६ नंतर तेथील घरांचे भाव एक चतुर्थांशाहून अधिक उतरले. घरमालकांचा एकूण तोटा पुन्हा पाच लाख कोटी डॉलरच्या पुढेच होता. म्हणजे रक्कम साधारण तेवढीच. परंतु या वेळची मंदी दीड वर्ष चालली, ऐंशी लाखांहून अधिक नोकऱ्या गेल्या आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर पोहोचली. भल्याभल्यांना याचा अंदाज आला नव्हता. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख बेन बर्नान्के यांनी मार्च २००७ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले होते की, कच्च्या गृहकर्जांचा त्रास बहुधा मर्यादितच राहील.

मग फरक कुठे होता? शेअर होते ते बहुतांशी श्रीमंतांकडे, आणि बहुतेकांनी ते स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. घरे होती मध्यमवर्गीय आणि गरीब कुटुंबांकडे, आणि ती घेतलेली होती कर्ज काढून. कर्ज देणाऱ्या बँकाही स्वतः कर्जात बुडालेल्या होत्या. थोडक्यात, किती बुडाले यापेक्षा कोणाचे बुडाले आणि कोणाच्या पैशावर बुडाले, हा खरा प्रश्न आहे.

दोन गाळ्यांचा हिशोब

हे आपल्या व्यवहारातल्या उदाहरणाने पाहू. दोन दुकानदारांनी प्रत्येकी दहा लाखांचा गाळा घेतला. पहिल्याने सर्व रक्कम घरची घातली. दुसऱ्याने एक लाख घरचे आणि नऊ लाख बँकेचे घातले. पुढे गाळ्यांचे भाव वीस टक्क्यांनी उतरले आणि दोन्ही गाळे आठ लाखांचे झाले.

पहिला दुकानदार दोन लाखांनी गरीब झाला. त्याला वाईट वाटेल, पण त्याचे दुकान उद्या सकाळी उघडेल, माल येईल, नोकराचा पगार होईल. त्याचा तोटा त्याच्यापाशी थांबला.

दुसऱ्याचे मात्र घरचे एक लाख पूर्ण गेले आणि वर बँकेचेही एक लाख अडकले. हप्ता तोच राहिला, कारण कर्ज गाळ्याच्या भावाबरोबर उतरत नाही. आता तो हप्ता भरण्यासाठी मालात काटकसर करील, नोकर कमी करील, घरचा खर्च तोडील. शेवटी जमले नाही तर बँक गाळा विकायला काढील. असे दहा गाळे एकदम विक्रीला आले की भाव आणखी उतरेल, आणि ज्या दुकानदाराने हप्ते वेळेवर भरले, त्याचाही गाळा कर्जाच्या खाली जाईल.

अमेरिकेत हेच घडले. एक कोटीहून अधिक कुटुंबांवर अशी वेळ आली की घराच्या किमतीपेक्षा घरावरचे कर्ज जास्त होते. या कुटुंबांनी खरेदी थांबवली. २००७ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी ६१ लाख मोटारी विकल्या गेल्या होत्या, २००९ मध्ये त्या १ कोटी ४ लाखांवर आल्या. ज्यांचा घरांच्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता, असे मोटार कारखान्यातील कामगारही घरी बसले.

बँक मध्ये आली की

दुसरा मुद्दा बँकांचा. कापड दुकानदाराचे दिवाळे निघाले तर त्याचे घेणेकरी अडचणीत येतात. पण बँक अडचणीत आली तर ज्यांचे तिच्याशी काही घेणे नाही अशांचेही व्यवहार थांबतात, कारण सर्वांचे पैसे तिच्या हातून फिरतात.

आणि बँकेचे स्वतःचे भांडवल फार थोडे असते. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील मोठी गुंतवणूक संस्था तीस डॉलरच्या मालमत्तेमागे स्वतःचा जेमतेम एक डॉलर ठेवून होती, बाकी सर्व उसनवारी. अशा हिशोबात मालमत्तेचा भाव तीन-चार टक्के उतरला तरी स्वतःचे भांडवल शून्यावर येते. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमनने दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा तिच्या वहीत सुमारे ६४ हजार कोटी डॉलरची मालमत्ता दाखवलेली होती.

त्यानंतर बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला. कोणाच्या पोटात किती सडका माल आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून कोणी कोणाला उधार देईना. परदेशी व्यापार बँकेच्या हमीपत्रावर, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटवर चालतो. माल पाठवणाऱ्याला खरेदीदाराची ओळख नसते, तो बँकेच्या कागदावर विसंबतो. तो कागदच संशयास्पद झाल्यावर माल गोदामात पडून राहिला. कोळसा, लोहखनिज, धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक मे २००८ मध्ये अकरा हजारांवर होता, तो डिसेंबरमध्ये सातशेच्या खाली गेला. २००९ मध्ये जगाचा व्यापार सुमारे बारा टक्क्यांनी घटला.

सुरत आणि मुरादाबादपर्यंत

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय बँकांकडे अमेरिकी गृहकर्जांचे कागद नगण्य होते. त्यामुळे सुरुवातीला आपल्याकडे असेच बोलले गेले की, हे संकट परक्यांचे आहे. सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये काही काळ आठ हजारांच्या खाली गेला. पण कारागिराच्या पोटावर पाय आला तो सेन्सेक्समुळे नव्हे. तो आला दोन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट गिऱ्हाइकाची. सुरतेत पैलू पाडलेल्या हिऱ्यांचा मोठा गिऱ्हाईक अमेरिका. मुरादाबादच्या पितळी वस्तू अमेरिका आणि युरोपच्या दुकानांत जातात. तिकडच्या कुटुंबाने कर्जाचा हप्ता भरण्यासाठी पहिली काटछाट केली ती दागिने आणि शोभेच्या वस्तूंवर. ऑर्डरी रद्द झाल्या. सुरतेत २००८ च्या दिवाळीसाठी बंद झालेले अनेक हिरे कारखाने सुट्टी संपल्यावर उघडलेच नाहीत. मुरादाबादच्या भट्ट्या थंड पडल्या. केंद्र सरकारच्या श्रम विभागाच्या पाहणीत ऑक्टोबर ते डिसेंबर २००८ या तीनच महिन्यांत निवडक उद्योगांमधील सुमारे पाच लाख रोजगार गेल्याचे आढळले. ज्या कारागिराने लेहमनचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या घरची चूल त्या दिवाळ्याने विझवली.

दुसरी वाट रोकडीची. परदेशी गुंतवणूकदारांनी पैसे काढून नेले. डॉलर वर्षभरात चाळीस रुपयांच्या आसपासवरून पन्नासवर गेला. मोठ्या कंपन्यांना परदेशात कर्ज मिळेना, म्हणून त्या देशी बँकांच्या दारात आल्या आणि छोट्या व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट मर्यादा मागे पडली. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात रेपो दर ९ वरून ४.७५ टक्क्यांवर आणला आणि बँकांनी राखून ठेवायच्या रोख निधीचे प्रमाणही ९ वरून ५ टक्क्यांवर आणले. त्यामुळे देशातील बँका तगल्या आणि घाव आणखी खोल गेला नाही.

अहमदाबादचा धडा

वर म्हटले की २००० ते २००२ च्या शेअर घसरणीने अमेरिकेचे फारसे बिघडले नाही. पण त्याच काळात, त्याच प्रकारच्या शेअरच्या घसरणीने आपल्याकडे अहमदाबादच्या हजारो छोट्या दुकानदारांचे पैसे अडकले. हे कसे झाले?

अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक ही व्यापाऱ्यांच्या ठेवींवर उभी होती. तिने नियम मोडून शेअर दलाल केतन पारेख यांच्या कंपन्यांना शेकडो कोटी रुपये दिले. मार्च २००१ मध्ये शेअर कोसळले. बँकेच्या पे ऑर्डर मुंबईत वटल्या नाहीत आणि ठेवीदारांची दारात रांग लागली. गुजरातमधील अनेक लहान सहकारी बँकांनी आपल्या ठेवी माधवपुरात ठेवलेल्या होत्या, त्यांचेही हात अडकले. ज्या दुकानदाराने आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता, त्याचे चालू खाते शेअरच्या भावामुळे गोठले. शेवटी २०१२ मध्ये त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. या प्रकरणानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्यास मनाई केली.

मुंबईकरांना २०१९ ची पीएमसी बँक आठवत असेल. तेथे शेअर नव्हते, जमीन आणि इमारती होत्या. बँकेने आपल्या कर्जांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहात गुंतवली होती आणि ते वहीत लपवले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये ठेवीदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. तोटा बिल्डरचा, पण थांबली ती खातेदारांची देणी.

उलट उदाहरणही पाहावे. क्रिप्टो नाण्यांचे एकूण मूल्य नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे तीन लाख कोटी डॉलर होते. २०२२ च्या अखेरीस ते एक लाख कोटींच्याही खाली आले. दोन लाख कोटी डॉलर नाहीसे झाले आणि अनेकांची बचत गेली, त्याचे दुःख आहेच. परंतु बहुतेक बँकांनी त्या नाण्यांच्या तारणावर कर्जे दिलेली नव्हती. त्यामुळे त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेची बेकारी साडेतीन टक्क्यांच्या आसपासच होती.

तापमापक आणि ताप

येथे एक सावधगिरी. कधी कधी शेअर बाजाराची घसरण ही रोगाचे कारण नसते, केवळ लक्षण असते. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला, कारण महामारीमुळे देशाचे व्यवहार थांबत होते. व्यापाराचे नुकसान टाळेबंदीने केले, सेन्सेक्सने नव्हे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्सने नवा उच्चांक गाठला, तेव्हाही कित्येक यंत्रमाग आणि दुकाने सावरलेली नव्हती. तापमापक खाली आला म्हणून रोगी बरा झाला असे नव्हे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

भागीदारी आणि कर्ज

या सर्व उदाहरणांतून एक जुनी गोष्ट पुन्हा समोर येते. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत या तत्त्वावरची मुदारबा आपल्या वाचकांना माहीत आहे. त्यात धंदा बुडाला तर भांडवलाचा तोटा भांडवलदार सोसतो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया जाते, मात्र त्याने बेपर्वाई केलेली नसावी. तोटा दोघांनाही लागतो, पण तो वाटला जातो. कर्जात तसे होत नाही. तेथे पहिला सर्व तोटा कर्जदाराचा, आणि तो संपला की बँकेचा, म्हणजे शेवटी ठेवीदाराचा.

अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ आतिफ मियाँ आणि आमिर सूफी यांनी २०१४ च्या ‘हाऊस ऑफ डेट’ या पुस्तकात २००८ च्या संकटाचा अभ्यास करून असाच उपाय सुचवला आहे. परिसरातील घरांचे भाव उतरले तर हप्ताही त्या प्रमाणात उतरावा आणि भाव वाढले तर कर्ज देणाऱ्याला वाढीचा लहानसा वाटा मिळावा, अशी त्यांची सूचना. सावकारानेही जोखीम उचलली तर कर्ज देताना तो अधिक डोळे उघडे ठेवील, हा त्यामागचा विचार आहे.

आपण काय करावे?

यापुढे लाखो कोटी बुडाल्याची बातमी वाचली की घाबरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

एक, हा तोटा स्वतःच्या पैशावर झाला की कर्जाच्या? दोन, तोटा सोसणाऱ्यांत बँका, पतसंस्था किंवा कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत काय? तीन, ज्यांचे नुकसान झाले ते आपल्या मालाचे गिऱ्हाईक आहेत काय? तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल तर आपले काम बिनधास्त चालू ठेवावे, घाबरून कारागिराला घरी बसवू नये. एकाचे जरी उत्तर होकारार्थी असेल तर त्या वाटेवर लक्ष ठेवावे. दोन किंवा तिन्ही होकारार्थी असतील तर लगेच उधारी आवरावी आणि वसुलीला लागावे.

याशिवाय काही गोष्टी शांत काळातच करून ठेवाव्यात.

आपला माल शेवटी कोणाच्या घरात जातो, हे मधल्या व्यापाऱ्याला विचारून घ्यावे. ज्या कारागिराचा सर्व माल एकाच देशात जातो, त्याने स्थानिक बाजारासाठीही थोडा माल काढावा.

धंद्याचे खेळते भांडवल गाळ्यात, प्लॉटमध्ये किंवा शेअरमध्ये अडकवू नये. कॅश क्रेडिटचा पैसा मालासाठी असतो. तो जमिनीत घातला तर आपण त्या दुसऱ्या दुकानदाराच्या जागी जाऊन बसतो.

सर्व रक्कम एकाच बँकेत ठेवू नये. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारास पाच लाख रुपये आहे. बचत, मुदत आणि चालू खाते, तसेच व्याज हे सर्व मिळून ही मर्यादा मोजली जाते. ओळखीच्या संचालकाच्या भरवशावर मोठी रक्कम ठेवण्याआधी त्या बँकेचा वार्षिक अहवाल मागावा, आणि थकीत कर्जे किती व कोणत्या धंद्यात किती रक्कम गुंतली आहे ते पाहावे. सभासदाला सर्वसाधारण सभेत हे विचारण्याचा हक्क आहे.

शेवटची गोष्ट. मंदीच्या काळात पहिला घाव नेहमी सर्वांत खालच्या माणसावर बसतो. निर्यातदार कारखानदाराचे पैसे रोखतो, कारखानदार ठेकेदाराचे आणि ठेकेदार कारागिराचे. या साखळीत कारागिरापाशी रोखून धरायला कोणीच उरत नाही. म्हणून ज्याच्या हातात थोडी शिल्लक आहे, त्याने अशा वेळी आपल्या कारागिराची मजुरी आधी चुकती करावी. त्याच्या घरी रोज चूल पेटली तर तो टिकेल, आणि तो टिकला तर बाजार फिरल्यावर आपला माल सर्वांत आधी तयार असेल.